खेळाडू मोठा की नियम? अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल आणि क्रीडा संचालकाची जबाबदारी



आजचा विषय वाचून तुम्हाला वाटेल, बाई आज कुठे अमेरिकेत पोचल्या! पण सुरुवात माझ्याच शाळेपासून करते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. केंद्रस्तरीय कबड्डी स्पर्धेच्या आदल्या दिवशी आमच्या संघातल्या सर्वांत चांगल्या चढाईपटूने, सातवीतल्या मुलाने, चौथीतल्या एका मुलाला नळाजवळ बेदम मारलं. ओठ फुटला, दात हलला. संघाची जबाबदारी माझ्याकडे होती. मी दोघांना समोर उभं केलं, मोठ्याला 'सॉरी' म्हणायला लावलं, लहान्याला "जाऊ दे रे, दादा आहे तुझा" म्हटलं आणि विषय मिटवला. दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो. सोमवारी तो लहान मुलगा शाळेत आला नाही. मंगळवारी त्याची आई आली आणि एवढंच म्हणाली, "बाई, तुमचा संघ जिंकला, चांगलं झालं. पण माझ्या पोराचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल वाचताना मला हा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवला. तिकडे खेळ मोठा, पैसा मोठा, गुन्हेही मोठे. पण प्रश्न तोच. चांगला खेळाडू चुकीचं वागला तर निर्णय कोणी घ्यायचा? आणि ज्याला संघ जिंकायला हवा आहे, त्यानेच तो घ्यावा का? चला, हे नीट समजून घेऊया.

आधी थोडी पार्श्वभूमी

अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे आपण ओळखतो तो पायाने खेळायचा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड पॅड आणि जोरदार टकरा, असा तो खेळ. तिथे कॉलेजचे सामनेसुद्धा लाखभर लोक मैदानात येऊन बघतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांहून जास्त प्रेक्षक बसतात. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्याचा गव्हर्नर नसतो, तर सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. टीव्हीचे हक्क, तिकिटं, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, सगळं या खेळाभोवती फिरतं.

या साऱ्या कारभाराच्या प्रमुखाला 'अ‍ॅथलेटिक डायरेक्टर' म्हणतात. आपण त्यांना क्रीडा संचालक म्हणू. आपल्याकडच्या कॉलेजातल्या शारीरिक शिक्षण संचालकापेक्षा हे पद कितीतरी मोठं असतं. सगळ्या खेळांचं अंदाजपत्रक, प्रशिक्षकांची नेमणूक आणि हकालपट्टी, देणगीदार, नियमांचं पालन, हे सगळं त्यांच्याकडे. ते थेट विद्यापीठाच्या अध्यक्षांना उत्तरदायी असतात.

गंमत बघा. संघ जिंकला तर या माणसाची नोकरी पक्की होते. आणि त्याच संघातल्या खेळाडूवर गंभीर आरोप झाला, तर प्रशिक्षकाला आवरायचं, विद्यापीठाला कळवायचं, तक्रारदाराला न्याय मिळेल असं बघायचं, हेही त्याच माणसाचं काम.

एक घटना, तीन वाटा

समजा, एका फुटबॉल खेळाडूवर मारहाणीचा किंवा लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला. मग तीन वेगवेगळ्या प्रक्रिया सुरू होऊ शकतात. या तिन्हींची गल्लत झाली की घोळ होतो.

१) पोलीस आणि न्यायालय. इथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. शिक्षा म्हणजे तुरुंगवास, दंड इत्यादी.

२) विद्यापीठाची चौकशी. १९७२ साली 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव चालणार नाही, असं तो सांगतो. लैंगिक छळ आणि अत्याचाराच्या तक्रारींची दखल घेणं याच कायद्याखाली येतं. त्यासाठी विद्यापीठात एक स्वतंत्र समन्वयक असतो. इथे पुराव्याचा निकष न्यायालयापेक्षा कमी असू शकतो, म्हणजे 'घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं दिसलं तरी पुरतं. शिक्षा म्हणजे ताकीद, निलंबन किंवा विद्यापीठातून काढून टाकणं.

३) संघाची शिस्त. संघात खेळणं हा कुणाचा हक्क नाही, ती एक संधी आहे. त्यामुळे चौकशी पूर्ण होण्याआधीही प्रशिक्षक किंवा क्रीडा संचालक खेळाडूला सामन्यातून बाहेर ठेवू शकतात.

म्हणून पोलिसांनी खटला भरला नाही याचा अर्थ विद्यापीठाची जबाबदारी संपली असा होत नाही. आणि संघातून काढलं म्हणजे मुलगा गुन्हेगार ठरला, असंही नाही.

शिष्यवृत्तीचं मात्र वेगळं आहे. प्रशिक्षक चिडला म्हणून ती मध्येच काढून घेता येत नाही. गैरवर्तन गंभीर आहे की नाही हे विद्यापीठाच्या नेहमीच्या शिस्त यंत्रणेने ठरवावं लागतं आणि खेळाडूला दाद मागण्याची संधी द्यावी लागते.

चांगल्या क्रीडा संचालकाने काय करायचं असतं?

- तक्रार कानावर आली की लगेच टायटल नाइनच्या समन्वयकाकडे कळवायची. बहुतेक विद्यापीठांच्या धोरणात प्रशिक्षकांनाही हे बंधनकारक असतं.
- स्वतः चौकशी करायची नाही. तक्रारदार मुलीला बोलावून "नक्की काय झालं, पुन्हा एकदा विचार कर" असं तर मुळीच करायचं नाही.
- प्रशिक्षकाला आणि संघाला तक्रारदारापासून लांब ठेवायचं. कुणी धमकावलं किंवा सोशल मीडियावर नाव फोडलं, तर तो वेगळा गुन्हा समजायचा.
- चौकशी होईपर्यंत खेळाडू खेळणार की नाही, हा निर्णय प्रशिक्षकाच्या मर्जीवर न सोडता लिखित नियमाने घ्यायचा. राखीव खेळाडूला आणि स्टार खेळाडूला नियम एकच.
- बाहेर बोलताना जपून बोलायचं. विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवण्याचा कायदा तिथे १९७४ पासून आहे. म्हणूनच बातम्यांत 'संघाचे नियम मोडल्यामुळे निलंबित' असं मोघम वाक्य दिसतं.

कागदावर हे सगळं सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, ते काही खऱ्या उदाहरणांतून पाहू. आरोप झालेल्या खेळाडूंची नावं मी मुद्दाम देत नाही, कारण आपला विषय मोठ्यांच्या वागण्याचा आहे.

उदाहरण १ : नेब्रास्का, १९९५. प्रशिक्षकच न्यायाधीश

नेब्रास्का विद्यापीठाचा संघ तेव्हा देशात अव्वल होता. त्यांच्या स्टार धावपटूला पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झाली. प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी त्याला संघाबाहेर काढलं, पण त्याच हंगामात परत घेतलं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं, की या मुलाच्या आयुष्यात शिस्त देणारी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे फुटबॉल. जानेवारी १९९६ मध्ये तो अंतिम लढतीत खेळला आणि संघ राष्ट्रीय विजेता ठरला.

ऑस्बर्न यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ होता असं मी म्हणणार नाही. वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला खेळातून काढलं की तो आणखी बिघडतो, हे आपण बघतोच. पण मारहाण झालेल्या मुलीला शाळा-कॉलेजात सुरक्षित कसं वाटेल, हा प्रश्न त्या निर्णयात कुठे होता? पुढे त्या खेळाडूचं आयुष्य सावरलं नाही. नंतरच्या गुन्ह्यांसाठी तो तुरुंगात गेला आणि २०१६ मध्ये तिथेच त्याचा अंत झाला. नुसत्या फुटबॉलने त्यालाही वाचवलं नाही.

उदाहरण २ : ओक्लाहोमा, २०१४. एक वर्ष बाहेर, पण संघातच

ओक्लाहोमा विद्यापीठात नव्याने आलेल्या एका खेळाडूने एका तरुणीच्या तोंडावर ठोसा मारला. तिच्या चेहऱ्याचं हाड मोडलं. विद्यापीठाने त्याला पूर्ण एक हंगाम बाहेर ठेवलं, पण शिष्यवृत्ती राहिली आणि पुढच्या वर्षी तो परत खेळू लागला. तेव्हा अनेकांना ही शिक्षा पुरेशी वाटली होती. डिसेंबर २०१६ मध्ये त्या घटनेची चित्रफीत सर्वांसमोर आली आणि देशभर संताप उसळला. तेव्हा प्रशिक्षक बॉब स्टूप्स यांनी मान्य केलं, की आजच्या काळात एवढी शिक्षा पुरणार नाही, संघातून काढणं हाच मार्ग राहिला असता.

इथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. घटना तीच, इजा तीच. बदललं काय, तर लोकांनी ती डोळ्यांनी बघितली. मग शिक्षा गुन्ह्याच्या गांभीर्यावर ठरते, की बोभाटा किती झाला यावर?

उदाहरण ३ : बेलर, २०१६. सगळी साखळीच तुटली

टेक्सास राज्यातल्या वेको शहरातलं बेलर विद्यापीठ. फुटबॉलमध्ये संघ एकदम वर आला आणि त्याच काळात खेळाडूंवर लैंगिक अत्याचाराचे आरोप होत गेले. काहींना न्यायालयात शिक्षाही झाली. विद्यापीठाने बाहेरच्या वकिलांच्या संस्थेकडून चौकशी करवली. मे २०१६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, ते धक्कादायक होते.

काही प्रकरणांत फुटबॉल विभागातल्या लोकांनी तक्रार योग्य अधिकाऱ्याकडे पाठवलीच नाही. काही वेळा त्यांनी स्वतःच तक्रारदारांना गाठून बोलणं केलं, प्रशिक्षण नसताना आपली आपली 'चौकशी' केली आणि मुलींवरच अविश्वास दाखवला. म्हणजे ज्यांच्या संघाचा फायदा होता, तेच पोलीस आणि तेच न्यायाधीश!

मुख्य प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना दूर केलं गेलं. अध्यक्ष केन स्टार यांचं अध्यक्षपद गेलं. क्रीडा संचालक इयन मकॉ यांच्यावर कारवाई झाली आणि काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ते दुसऱ्या एका विद्यापीठाचे क्रीडा संचालक झाले, हेही नोंदवायला हवं.

आणखी एक गोष्ट. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था आहे, एनसीएए. तिचा या प्रकरणातला निर्णय २०२१ मध्ये आला. किरकोळ इतर नियमभंगांसाठी शिक्षा झाली, पण लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दाबल्या गेल्या हा एनसीएएच्या नियमांचा भंग ठरत नाही, असं समितीने म्हटलं. कारण तिचे नियम मुख्यतः खेळाडूची पात्रता, भरती, पैसे यांबद्दलचे आहेत. बाहेरची मोठी संस्था येऊन सगळं निस्तरेल, ही आशा फोल ठरली. जबाबदारी शेवटी विद्यापीठाचीच.

उदाहरण ४ : मिनेसोटा, २०१६. संघानेच बहिष्कार टाकला तर?

बेलरच्या उलट उदाहरण बघा. एका लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत सरकारी वकिलांनी खटला भरला नव्हता. पण विद्यापीठाची चौकशी सुरू राहिली आणि डिसेंबर २०१६ मध्ये, मोठ्या सामन्याच्या तोंडावर, १० खेळाडूंना खेळातून निलंबित केलं गेलं. क्रीडा संचालक होते मार्क कॉइल.

बाकीचा संघ भडकला. "आमच्या मित्रांना न्याय मिळाला नाही, आम्ही सामना खेळणार नाही," असं म्हणत त्यांनी बहिष्कार जाहीर केला. प्रशिक्षक ट्रेसी क्लेज यांनी खेळाडूंना जाहीर पाठिंबा दिला. गोपनीयतेच्या कायद्यामुळे कॉइल यांना तपशील सांगता येत नव्हता. मग चौकशीचा सविस्तर अहवाल माध्यमांतून बाहेर आला, खेळाडूंनी तो वाचला आणि दोन दिवसांत बहिष्कार मागे घेतला. संघ खेळला, जिंकलासुद्धा. तरी जानेवारीत कॉइल यांनी प्रशिक्षकांना काढलं.

पुढच्या सुनावणीत काही खेळाडूंना विद्यापीठातून काढलं, काहींना निलंबित केलं, आणि काही जण निर्दोष ठरले. हे शेवटचं वाक्य विसरू नका. दहा जणांना एकाच दिवशी बाजूला केलं, पण सगळ्यांचा दोष सारखा नव्हता. आरोप झालेल्या मुलालाही बाजू मांडू द्यायची, पुरावे दाखवायचे, हा न्यायाचाच भाग आहे. २०२० च्या केंद्रीय नियमांनी कॉलेजांमध्ये प्रत्यक्ष सुनावणी आणि उलटतपासणी बंधनकारक केली. ते योग्य की अयोग्य यावर तिथे अजून वाद आहे.

उदाहरण ५ : नॉर्थवेस्टर्न, २०२३. तिकडचं रॅगिंग

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघात नव्या खेळाडूंचा अपमानकारक, लैंगिक स्वरूपाचा छळ होत असल्याची तक्रार झाली. बाहेरच्या वकिलाने चौकशी केली. असे प्रकार झाल्याला आधार सापडला, पण प्रशिक्षकाला ते माहीत होतं याचा पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. प्रशिक्षक पॅट फिट्झजेराल्ड यांना दोन आठवड्यांचं निलंबन मिळालं. दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने सविस्तर माहिती छापली आणि आणखी दोन दिवसांत विद्यापीठाने निर्णय बदलून त्यांना काढून टाकलं. ते न्यायालयात गेले, २०२५ मध्ये तडजोड झाली.

आपल्या महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. अमेरिकेत कॅम्पसवरच्या अशा छळाची आकडेवारी जाहीर करायला लावणारा केंद्रीय कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. या एका बाबतीत आपण आधी जागे झालो होतो, निदान कागदावर तरी!

नियम कसे बदलत गेले?

पूर्वी एक पळवाट होती. एका विद्यापीठाने गैरवर्तनासाठी काढलेला चांगला खेळाडू दुसरं विद्यापीठ उचलून घ्यायचं. २०१५ मध्ये दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठांच्या 'एसईसी' या गटाने नियम केला, की घरगुती हिंसाचार, लैंगिक हिंसा अशा कारणांसाठी काढलेल्या खेळाडूला आमच्या गटात घेता येणार नाही. २०१७ मध्ये इंडियाना विद्यापीठाने लैंगिक हिंसेच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना संघाची दारं बंद केली.

एनसीएएनेही २०१७ पासून एक अट घातली. विद्यापीठाचे अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि टायटल नाइनचा समन्वयक या तिघांनी दरवर्षी लिहून द्यायचं, की क्रीडा विभागाला लैंगिक हिंसेबाबतचं धोरण माहीत आहे आणि खेळाडू-प्रशिक्षकांना त्याचं शिक्षण दिलं आहे. २०२० मध्ये ठरलं, की खेळाडूने आपल्यावरची अशी चौकशी वा शिक्षा दरवर्षी जाहीर करावी आणि नवा खेळाडू घेताना विद्यापीठाने त्याची माहिती पडताळावी.

सही केली म्हणजे मन बदललं असं नाही. आपणही किती परिपत्रकांवर सह्या करतो! पण 'मला माहीतच नव्हतं' ही सबब मात्र बंद होते.

मूल अमेरिकेला पाठवणाऱ्या पालकांसाठी

आपल्या गावागावातून आता मुलं-मुली तिकडे शिकायला जातात. एक गोष्ट जरूर करा. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या आई-वडिलांनी लढा दिला आणि १९९० मध्ये कायदा झाला. आज तो 'क्लेरी कायदा' म्हणून ओळखला जातो. त्यानुसार प्रत्येक विद्यापीठाला दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात मागच्या तीन वर्षांतली गुन्ह्यांची आकडेवारी आणि तक्रार कुठे करायची ही माहिती असते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो कुणालाही वाचता येतो. फी आणि वसतिगृह बघतो तसा हा अहवालही बघा. मात्र आकडे शून्य दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. तक्रारी नोंदवल्याच जात नाहीत, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

आणि आपण शिक्षकांनी काय घ्यायचं?

आपल्या शाळेत लाखाचं स्टेडियम नाही. पण ढाल आहे, फलक आहे, पेपरात फोटो आहे, 'आपल्या शाळेचं नाव' आहे. तेवढा मोहसुद्धा पुरतो. मला पुरला होता.

बेलरचं प्रकरण वाचल्यावर माझी चूक मला नेमकी कळली. मी शिक्षा कमी दिली, एवढीच ती चूक नव्हती. संघ जिंकावा असं ज्या बाईला वाटत होतं, तिनेच निवाडा केला, ही खरी चूक होती. तो माझ्याकडे यायलाच नको होता.

आता आमच्या शाळेत साधा नियम आहे. खेळाडूविरुद्ध तक्रार आली तर संघ सांभाळणारा शिक्षक ती हाताळत नाही. मुख्याध्यापक आणि दुसरे एक शिक्षक दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलतात, वहीत नोंद करतात, दोन्हीकडच्या पालकांना बोलावतात. प्रकरण लैंगिक स्वरूपाचं असेल तर शाळेत मिटवण्याचा प्रश्नच येत नाही. पोक्सो कायद्यानुसार ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा आहे.

या नियमाने एकदा आमचा चांगला खेळाडू स्पर्धेला मुकला. त्याचे वडील म्हणाले, "एका थपडेसाठी पोराचं वर्ष वाया घालवता का बाई?" मी म्हटलं, "दादा, वर्ष नाही, एक स्पर्धा. तो सरावाला रोज येईल, मी त्याला सोडलेलं नाही." आम्ही पहिल्याच फेरीत हरलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तो मुलगा पुढच्या वर्षी परत खेळला.

त्या पहिल्या वेळच्या लहान मुलाची माफी मी मागितली, पण उशिरा. तो तेव्हा सहावीत होता. "मला आठवत नाही बाई," असं म्हणाला आणि खाली बघत राहिला. त्याला आठवत होतं.

तुमच्या शाळेत अशी तक्रार आली तर ती आधी कोणाकडे जाते? एकदा स्टाफ मीटिंगमध्ये हा प्रश्न जरूर विचारा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी विचारू नका, आजच विचारा.